बिरूतात्या आणि पहिले तीन सेकंद

बिरूतात्यांकडे गरम गाडी घेऊन गेलं की ते बॉनेट उघडतसुद्धा नसत. "गरम इंजिन खोटं बोलतंय," म्हणत. "गाडी हितं ठेवा, उद्या सकाळी या." पिंपळीजवळ इंदापूर रस्त्याला त्यांचं पत्र्याचं गॅरेज होतं. सकाळी सात वाजता गिऱ्हाइकानं आपल्या गार झालेल्या गाडीत बसायचं. तात्या बॉनेटपाशी उभे राहून डोळे मिटत आणि उजवा हात वर करत. तो खाली आला की चावी फिरवायची. पहिले तीन सेकंद कुणी ब्र काढायचा नाही. तीन सेकंदांनी तात्या डोळे उघडत आणि गाडीचं भविष्य सांगत.

माझी त्यांची पहिली भेट अशीच झाली. मी बारामतीच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवतो. ध्वनीचं प्रकरण तर माझा हातखंडा समजला जातो. निदान माझा तरी तसा समज आहे. जुनी डिझेल गाडी नुकतीच घेतली होती. चावी फिरवली. तात्या म्हणाले, "साखळी वाजतीय."

"कुठं? मला तर काही ऐकू आलं नाही."

"तुमी बोलत हुता."

खरं होतं. त्या तीन सेकंदांत मी त्यांना गाडीचं ॲव्हरेज सांगत होतो.

मग त्यांनी डिपस्टिक ओढली आणि ऑइलचा थेंब दोन बोटांत चोळून बघितला. काळाभोर. "ऑइल कवा बदललं?"

"वेळेवर," मी ठोकून दिलं.

"तुमी शिकवता काय, सर?"

"फिजिक्स."

"मग त्यात खरं बोलाय लागत नसंल."

नंतर मात्र त्यांनी मला नीट समजावून सांगितलं. खालचा दांडा पिस्टन वरखाली करतो, वरचा दांडा व्हॉल्व्हची उघडझाप करतो. दोघांची वेळ जुळवून धरते ती मधली साखळी, म्हणजे टायमिंग चेन. तिला ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. ऑइल जुनं झालं, कमी पडलं किंवा भलत्याच जातीचं घातलं की ताण जातो, साखळी सैल होते आणि सकाळी गाडी चालू करताना, ऑइल वर चढेपर्यंत, खडखडते. "तेवढे तीन सेकंदच ती वरडून सांगती. एकदा ऑइल चढलं की गप. आन् साखळीनं चाकाचा दात सोडला की व्हॉल्व्ह आन् पिस्टन एकमेकाच्या अंगावर. मग इंजिन न्हाई, भंगार." चालू केल्या केल्या रेस करू नका, ऑइल पुस्तकातल्या मुदतीच्या आधीच बदला आणि साखळी बदलाल तेव्हा टेन्शनर आणि बाजूच्या पट्ट्याही बदला, हे त्यांचं सगळ्यांनाच सांगणं असे.

मी गाडीबरोबर आलेलं पुस्तक दाखवलं. त्यात लिहिलं होतं, चेन आयुष्यभर टिकते.

"आयुष्यभर म्हंजी कुणाच्या?" तात्यांनी विचारलं. "साखळीच्या, गाडीच्या, का तुमच्या?"

त्यांना तीन दिवस गाडी हवी होती. पण तिसऱ्याच दिवशी माझ्या भाच्याचं, अमोलचं लग्न होतं. बहिणीचं घर कळसला, लग्न कळंबला, आणि नवरदेव मामाच्या गाडीतून जाणार असं मीच सगळीकडे सांगून ठेवलेलं. "लग्न झालं की आणतो," मी म्हणालो. "मग लग्नाला दुसरी गाडी न्या," असं म्हणून तात्यांनी चावी सरळ खिशात टाकली.

मला राग आला. चारचौघांत एक मेकॅनिक मला, एका प्राध्यापकाला, माझी चावी देत नव्हता. मी जरा चढ्या आवाजात म्हणालो, "तात्या, गाडी माझी आहे."

 तात्यांनी चावी काढून माझ्या हातावर ठेवली. "खडखड वाढली तर जाग्याव बंद करा. म्होरं वढू नका."

लग्नाच्या सकाळी गाडीला झेंडूच्या माळा बांधल्या. कळस सोडून दोन-तीन मैल गेलो असू. मुंडावळ्या सावरत अमोल म्हणाला, "मामा, काय वाजतंय?" वाजत होतं ते मलाही ऐकू येत होतं. ध्वनीच्या प्राध्यापकानं मग काय करावं? मी गाण्यांचा आवाज वाढवला.

पुढं कालव्याचं वळण आहे. तिथं बॉनेटखाली कुणीतरी घण घालावा तसा आवाज झाला आणि इंजिन मेलं. त्याबरोबर स्टिअरिंग दगडासारखं जड झालं. ब्रेक पायाखाली दबेना. मी दोन्ही पायांनी ब्रेकवर उभा राहिलो, अमोलनं हँडब्रेक ओढला, आणि गाडी भरावाच्या कडेला येऊन थांबली. पुढं चार हातांवर भरलेला कालवा वाहत होता. गाणं अजून चालूच होतं. अमोलनंच ते बंद केलं. 

नवरदेव कळंबला पोचला तो दुधाच्या टेम्पोत, ड्रायव्हरशेजारी बसून. मी मागं कॅनच्या मधे, फेटा दोन्ही हातांनी धरून उभा. मुहूर्त टळला होता. बहीण मांडवाच्या दारात होती. "दादा, चांगला आणलास हं नवरदेव," एवढंच ती म्हणाली. मग अमोलनं तिला कालव्याचं सांगितलं. ती माझ्याकडे आली आणि एक शब्द न बोलता माझा फेटा नीट केला. ती चार शब्द बोलली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी गाडी ओढून पिंपळीला नेली. तात्यांनी इंजिन उघडलं. साखळी तुटलेली, व्हॉल्व्ह वाकलेले, एका पिस्टनला भोक. मी शिव्या खायच्या तयारीनं उभा होतो. किंबहुना त्या मला हव्याच होत्या. तात्या हात पुसत टायरवर बसले.

"माझं चुकलं, सर," ते म्हणाले. "मी चावी द्याय नको हुती."

"तात्या, चूक माझी आहे."

"तुमाला ऐकू आलं नव्हतं. मला आलं हुतं. मी ऐकून सोडलं."

त्यानंतर माझा सकाळचा फिरायला जायचा रस्ता बदलला. मी पिंपळीला जाऊ लागलो. तात्या मला गाड्यांपाशी उभं करून विचारत, "सर, सांगा." पहिल्या दिवशी मी छाती काढून म्हणालो, "चेन!" तात्या म्हणाले, "ती शेजारची पिठाची गिरणी हाय." हळूहळू मात्र कान तयार झाला. कुठली खडखड साखळीची, कुठली टिकटिक इंजेक्टरची, कुठलं कुईकुई पट्ट्याचं, ते कळायला लागलं. तात्या "बराबर" म्हणत; एवढी वाहवा मला माझ्या वर्गात कधी मिळाली नव्हती. घरी बायकोला मिक्सरचं निदान सांगू लागलो, तेव्हा तिनं ते बंद पाडलं.

अशी तीन-चार वर्षं गेली. एका सकाळी कळसचे एक शेतकरी गाडी घेऊन आले होते. तात्यांनी डोळे मिटले, हात वर केला, खाली आणला. गिऱ्हाइकानं चावी फिरवली. साखळी इतकी कडकडून वाजली की गिरणीवाल्यानंही मान वळवली. तात्या डोळे मिटून तसेच उभे.

"करा की चालू," ते म्हणाले.

"तात्या, चालूच हाय," गिऱ्हाईक खिडकीतून ओरडलं.

तात्यांनी डोळे उघडले. क्षणभर माझ्याकडे बघितलं. मग नेहमीच्याच आवाजात म्हणाले, "सर, सांगा."

मी सांगितलं. गिऱ्हाईक गाडी ठेवून गेल्यावर मी तात्यांच्या समोर बसलो आणि मोठ्यानं विचारलं, "किती दिवस झाले?"

"वरीस झालं."

"कानाचं मशीन का नाही घेतलं?"

"घेतलंय. त्यात सगळ्याच गाड्या खडखडत्यात."

 म्हणजे वर्षभर मी सांगत होतो त्यावर या गाड्या रस्त्यावर जात होत्या. "तात्या, मी चुकलो असतो तर?"

"चुकलाच की. सुरवातीला सातदा."

"मग?"

"तुमी नीट हाय म्हनलात, तितंबी मी वरचं कव्हार काढून बोटानं ताण बगत हुतो. एकबी गाडी नुसत्या ऐकण्याव सोडली न्हाई." मग माझा चेहरा बघून हसले. "दिवाळीपासनं मातर तुमी एकदाबी चुकला न्हाई."

त्यांनी पुढच्या महिन्यात गॅरेज बंद करायचं ठरवलं. प्रत्येक इंजिन उघडून बघायचं तर पाठ साथ देत नव्हती, आणि न बघता गाडी सोडायची नव्हती. इंदापूरहून लेक न्यायला आली. मी म्हणालो, "मी रोज येतो. कान माझे, हात तुमचे."

"तुमी कालेजात जावा," तात्या म्हणाले. "पोरं ऐकत न्हाईत म्हनून सांगत असता. तुमी कवा त्यांचं ऐकलं?"

 इतकी वर्षं वर्गात शिरल्या शिरल्या मी बोलायलाच सुरुवात करत होतो.

लेकीनं पिशव्या गाडीत ठेवल्या. तात्यांनी शटर खाली ओढलं, खाली वाकून कुलूप घातलं आणि दाबलं. मग तसेच वाकलेले राहून त्यांनी मान वळवली.

"वाजलं का, सर?"

"वाजलं, तात्या."

त्यांनी कुलूप ओढून बघितलं नाही. हात झटकले आणि लेकीच्या गाडीत जाऊन बसले.