प्रीतीची गाडी आणि बागेचे तीन खांब

मालनबाईंच्या नाकावर कायम राग, असं एमआयडीसीतल्या बियाण्याच्या कारखान्यातल्या सगळ्या बाया म्हणतात. खोटं कशाला बोला, आहेच तसं. बावीस वर्षं झाली, ही बाई टेबलापाशी उभी राहून बी निवडते. फुटकं, किडकं बाजूला, चांगलं पुढं. नजर अशी तयार झालीय की जगात जे काही किडकं असेल ते हिला आधी दिसतं, आणि दिसलं की हिचं तोंड गप बसत नाही. मागं एकदा मुकादम बायांच्या संडासाला कुलूप घालायला लागला, तर हिनं तासभर हात चालवला नाही. हिचं बघून सगळ्या टेबलांचे हात थांबले. कुलूप निघालं. आधी मुकादम हिला नुसतं 'ए' म्हणायचा, आता मावशी म्हणतो.

अशी ही बाई नातीपुढं मात्र लोणी. प्रीती सहा वर्षांची. जन्मापासून तिच्या पायात बळ नाही. लेक राजानंद सळयांच्या मिलमध्ये, सून शिलाईच्या कामावर, मग पोरीला उचलणार कोण? आजी. उंबऱ्यावरून उचल, टेम्पोत चढव, दवाखान्याच्या पायऱ्या चढ. उचलून उचलून मालनबाईंची कंबर गेली, पण एका शब्दानं कुरकुर नाही.

गेल्या साली प्रीतीला चाकाची खुर्ची मिळाली. पोरगी तिला 'माझी गाडी' म्हणते. दोन महिन्यांत ती दोन्ही हातांनी चाकं ढकलायला शिकली, वळायला शिकली, आणि एक दिवस आजीनं सवयीनं काखेत हात घातले तर फणकारली, "मला उचलू नको. मी काय पोतं हाय का?" मालनबाईंना ते लागलं. पण पोरीचं बराबर होतं.

त्यातच वस्तीजवळ नवी बाग झाली. सगळ्या लेकरांसाठी बाग! चालणाऱ्या, न चालणाऱ्या, रांगणाऱ्या, सगळ्यांसाठी. त्यात गाडीसकट बसायचा झोका. उताराच्या वाटेवरून गाडी थेट झोक्यावर न्यायची, मागची फळी लावायची आणि झुलायचं. उद्घाटनाला बागेच्या समितीचे लोक स्वतः घरी येऊन प्रीतीला घेऊन गेले. मोठ्या फाटकातून पाहुण्यांच्या गाड्या गेल्या, मागोमाग प्रीतीची गाडी गेली. दोन झोके दिले, फोटो काढला, टाळ्या झाल्या. तिसऱ्या झोक्याला कोणीतरी म्हणालं, "बास आता, उतरवा तिला, भाषणं व्हायचीत." पोरगी घरी येऊन दिवसभर रुसून बसली. तेव्हा मालनबाईंनी शब्द दिला, "पुढच्या रविवारी मी नेते. पोट भरेपर्यंत झुल. आन् कोणी म्हणजे कोणी तुला उचलणार न्हाई."

रविवारी आजी-नात बागेशी आल्या तर काय? मोठ्या फाटकाला हे एवढं कुलूप. शेजारी माणसांना जायला सोडलेली वाट, आणि तिच्यात नवेकोरे तीन लोखंडी खांब रोवलेले. माणूस आडवा होऊन जाईल, कडेवर लेकरू घेतलेली बाई जाईल. प्रीतीची गाडी काही केल्या जाईना. मालनबाईंनी सरळ लावून पाहिली, तिरपी लावून पाहिली. चाक खांबाला खटखट आपटलं. आणि वर फाटकाच्या कमानीवर मोठा फलक, 'बाग सर्वांची', आणि त्यावर हसणारं लेकरू कोण? प्रीतीच!

"आज्जी, तिथं मी हाय," प्रीती बोट दाखवून म्हणाली.

मालनबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"भिवा! ओ भिवाभाऊ!" त्यांनी रखवालदाराला हाक मारली. "हे खांब कोणी रोवले?"

"समितीनं, मावशी. पोरं मोटरसायकली आत घालून राह्यले व्हते," भिवा ओशाळून म्हणाला. "आन् मोठ्या फाटकाची चावी माझ्याकडं न्हाई. आप्पांकडं असती."

आप्पा म्हणजे रखमाजी आप्पा, समितीचे अध्यक्ष. ते आतच होते, पांढरी टोपी घालून बाकावर बसलेले. हाक ऐकून खांबांपाशी आले, अलीकडं-पलीकडं पाहिलं आणि हसत म्हणाले, "एवढंच ना? उचला की पोरीला. खुर्ची घडी करून भिवा आणंल. द्या, मीच घेतो." असं म्हणून त्यांनी खांबांमधून दोन्ही हात पुढं केले.

प्रीती पाठ मागं टेकवून आक्रसली.

"हात मागं घ्या, आप्पा," मालनबाई म्हणाल्या. "सहा वर्सं मी उचललं. कंबर मोडली माझी. ह्या एका जागी उचलावं लागू नये म्हणून तर तुम्ही बाग बांधली ना? गाडीसकटचा झोका आणला आन् गाडी शिरायची वाट बुजवली! खांब रोवताना गाडीचं माप घ्यावं, एवढी अक्कल असलेला एक बी माणूस न्हाई तुमच्या समितीत?"

"मालनबाई, उगं आवाज वाढवू नका. मोठं फाटक पाहुण्यांसाठी हाय. रोज उघडायला लागलो तर शिस्त राहत न्हाई."

"उचला ना मावशी, आम्ही बी लेकरं उचलूनच आणली," आतून दैवशाला म्हणाली. ती शेजारच्या गल्लीतली, दीड वर्षाच्या पोराला वाळूत खेळवत होती.

"तुझं पोरगं उद्या पायानं चालंल, दैवशाला. ही न्हाई."

एवढं बोलून मालनबाईंनी चपला काढल्या, खांबांना खेटून वाटेतच मांडी घातली आणि बसल्या. वाट बंद. आतले आत, बाहेरचे बाहेर. आप्पांनी समजावलं, दरडावलं, समितीचं पत्र काढीन म्हणाले. मालनबाई ढिम्म. बाहेर लेकरं घेऊन आलेल्या बाया थांबल्या. आत आप्पांची चहाची वेळ झाली. त्यांनी दोनदा घड्याळ पाहिलं.

"बाई, मला घरी जायचंय. उठा."

मालनबाईंनी आप्पांना टोपीपासून पायापर्यंत न्याहाळलं. आप्पा अंगानं काटकुळे. "जा की. मी उचलून काढू का तुम्हाला कंपाउंडावरून? एवढेसे तर हाव तुम्ही."

बाहेरच्या बाया खो-खो हसल्या. आप्पांचा चेहरा लालबुंद झाला. तेवढ्यात दैवशालाच्या पोराला शू लागली आणि ते भोकाड पसरायला लागलं. दैवशालानं पोर कडेवर मारलं, बंद वाटेकडं पाहिलं, फलकावरच्या प्रीतीकडं पाहिलं, आणि आप्पांवरच उसळली, "काढा ती चावी, आप्पा! खिशात ठेवून काय पूजा करायची तिची?"

चावी खरंच खिशात होती. एवढा वेळ खिशातच!

फाटक करकरत उघडलं. "आजच्या पुरतं," आप्पा पुटपुटले.

"पुढच्या रविवारी बी मी ह्याच जागी बसणार," मालनबाई चपला घालत म्हणाल्या. "जेवणाचा डबा घेऊन येते. तवर खांब काढायचे का बसायचं, तुमचं तुम्ही ठरवा."

प्रीती स्वतःच्या हातांनी फाटकातून आत गेली. झोक्याच्या दांड्यांवर अजून उद्घाटनाचं प्लॅस्टिक तसंच होतं. मालनबाईंनी ते टराटरा फाडलं. भिवानं फळी लावली. तिसरा झोका गेला, दहावा गेला, पन्नासावा गेला. प्रीती ओरडत होती, खाली दोन-तीन चिल्लीपिल्ली टाळ्या पिटत होती. मालनबाईंच्या डोळ्यांना धार लागली, आणि तरी आप्पांवरचा राग काही उतरेना.

पोट भरल्यावर प्रीती म्हणाली, "फळी काढा. मी खाली येते."

उतार चांगलाच होता. गाडी सुटली. चाक कडेला घासलं, गाडी एका बाजूला कलली. मालनबाई दोन्ही हात पसरून धावल्या, सहा वर्षं धावत आल्या तशाच.

"हात लावू नको, आज्जे!" प्रीती कडाडली. आवाज डिट्टो मालनबाईंचा. आप्पासुद्धा दचकून वळले.

मालनबाई जागच्या जागी थांबल्या. ह्या हातांचं आता काय करावं ते त्यांना कळेना. शेवटी त्यांनी ते पाठीमागं नेले आणि एकमेकांत घट्ट धरून ठेवले. समोर प्रीतीनं दात-ओठ खात चाक सरळ केलं, आणि एकटी खाली आली.