परत मागितलेली मतपत्रिका

विधान परिषदेला पदवीधरांची वेगळी निवडणूक असते, हे आमच्या चिखलीच्या सोसायटीत कुणाच्या खिजगणतीतही नव्हतं. ना भोंगे, ना रॅली, ना दारात हात जोडून उभं कुणी. मलाही ते माहीत असून नसल्यासारखंच. मी लग्नाआधीची बीए. पदवी कपाटात साड्यांखाली निवांत पडलेली. आमच्या ह्यांना मात्र या निवडणुकीचं भारी वेड.

ह्यांची गोष्टच निराळी. सासऱ्यांनी दापोडीत राहून सगळा जन्म कारखान्यात घालवला. बारावी झाल्या झाल्या हेही चाकणला कंपनीत चिकटले. पुढचं शिक्षण मुक्त विद्यापीठातून केलं, तेही चाळिशी उलटल्यावर. फर्स्ट शिफ्ट करून यायचे, चहा घ्यायचे आणि पुस्तक उघडायचे. डुलकी यायला लागली की उभं राहून वाचायचे. मी चिडवायचे, "अहो, आता काय कलेक्टर व्हायचंय का?" तर शांतपणे म्हणायचे, "नाही, पदवीधर व्हायचंय." झालेही. पण मागच्या निवडणुकीला पदवी कोरी करकरीत होती आणि नियम असा, की पदवीला तीन वर्षं झालेली हवीत. नाव लागलं नाही. पुढची निवडणूक सहा वर्षांनी. मी असते तर चार शिव्या हासडून विषय सोडला असता. हा माणूस सहा वर्षं थांबला.

या वेळी नोंदणी सुरू झाली तशी स्वारी पहिल्याच दिवशी हजर. माझं नावही त्यांनीच बळेबळे घालायला लावलं. कंपनीत सुपरवायझरने विचारलं, "हे कसलं इलेक्शन राव? मशीन नाही, चिन्ह नाही?" तेव्हापासून तर ह्यांनी शिकवणीच काढली. जिन्यात कुणी पदवीधर सापडला की थांबवायचे. "हे बघा भाऊ, कागदावर मत द्यायचं. आवडत्या उमेदवारापुढे 'एक' लिहायचं, मग वाटलं तर दोन, तीन. टिक मारायची नाही, मत बाद होतं. पेन त्यांनी दिलेलंच वापरायचं, जांभळं. सही नको, नाव नको, जयभीमसुद्धा लिहायचा नाही." खालच्या मजल्यावरचे एक गृहस्थ तर ह्यांना बघून लिफ्ट पकडायला लागले.

मतदानाच्या दिवशी ह्यांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला. दापोडीला फोन करून सासऱ्यांना सांगितलं, "निघालो बघा." शाळेच्या वर्गात केंद्र होतं. रांग बेताचीच. आमच्या पुढे एक मुलगी होती, कंपनीचा निळा गणवेश अंगावर, थेट शिफ्ट संपवून आलेली. ह्यांना कुठलं राहवतंय! तिलाही सगळे नियम ऐकवले. ती हसून म्हणाली, "कळलं हो काका. आकडा लिहायचा, टिक नाही." मी डोक्याला हात लावला.

तिला आणि ह्यांना पाठोपाठ मतपत्रिका मिळाल्या. दोघं पुठ्ठ्याच्या दोन आडोशांमागे गेली. मी दारात, माझा नंबर नंतरचा. हे बाहेर आले, कागद घडी केलेला, आणि पेटीकडे जायचं सोडून मधेच उभे राहिले. चेहरा पांढराफटक. म्हटलं, बीपी वाढलं की काय!

तर हे केंद्राध्यक्ष बाईंपुढे जाऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मॅडम, माझ्याकडून टिक झाली. हे मत बाद होणार. मला दुसरी मतपत्रिका मिळेल का?"

वर्गात खसखस पिकली. रांगेत मागे तेच लिफ्टवाले गृहस्थ होते. म्हणाले, "घ्या! सगळ्या सोसायटीला शिकवत होते!" मी मागे वळून म्हटलं, "हसायला काय झालं हो? तुम्ही तर शिकायलाही थांबला नाहीत." बाकावर बसलेला एका उमेदवाराचा माणूस म्हणाला, "टाका की काका पेटीत. कुणाला कळतंय?"

"मला कळतंय ना," हे म्हणाले.

बाईही गोंधळल्या. "एकदा दिलेली परत कशी..." म्हणत त्यांनी नियमांचं पुस्तक काढलं आणि पानं चाळायला लागल्या. माझा जीव टांगणीला. सहा वर्षं वाट पाहून हाताशी आलेलं मत, आणि आता गेलं तर पुन्हा सहा वर्षं! हे तसेच उभे, कागद घट्ट धरून. शेवटी बाईंना हवं ते पान सापडलं. त्यांनी वाचलं आणि वर बघून विचारलं, "चुकूनच झालंय ना?"

"हो मॅडम. क्वालिटीला आहे मी. दिवसभर चांगल्या पार्टवर मार्करने टिकच मारतो. उमेदवार पसंत पडला आणि हात गेला."

आता मात्र बाईही हसल्या. त्यांनी कागद न उघडताच घेतला, वर रद्द लिहिलं, पाकिटात ठेवला आणि नवी मतपत्रिका ह्यांच्या हातात दिली. हे मान खाली घालून पुन्हा आडोशामागे गेले.

आणि तेवढ्यात ती निळ्या गणवेशातली मुलगी. ती केव्हाची पेटीपाशी उभी होती, कागदाचं टोक फटीत घातलेलं. तिने तो हळूच बाहेर ओढला. कानापर्यंत लाल झाली आणि बाईंना म्हणाली, "मॅडम, माझी पण टिक झालीय. मी पण क्वालिटीलाच आहे."

अख्खा वर्ग हसला, पण या वेळी त्यात चेष्टा नव्हती. बाईंनी तेच पाकीट पुन्हा उघडलं. ह्यांना यातलं काही कळलंच नाही, लोक आपल्यालाच हसतायत असं वाटलं असणार. ते बाहेर आले, मत पेटीत टाकलं आणि कुणाकडे न बघता निघून गेले. मग माझा नंबर आला. खरं सांगते, साधा 'एक' काढला, पण मीही तो दोनदा तपासून पाहिला.

बाहेर आले तर हे भर उन्हात गाडीपाशी उभे, पडलेल्या चेहऱ्याने. "जगाला शिकवत फिरलो आणि शोभा झाली बघ आज," म्हणाले. मी काही बोलणार तोच ती मुलगी धावत आली.

"काका, तुम्ही मागितलीत म्हणून मी मागितली. नाहीतर टाकतच होते तशीच. लाज वाटत होती हो." तिला दम लागला होता. "आमच्या घरात पदवीधर मी पहिलीच. आई सकाळपासून शेजारपाजारी सांगत सुटलीय, आज आमच्या घरचं मत पडणार म्हणून."

"मग पडलं का?" ह्यांनी विचारलं.

"पडलं."

"नीट?"

"नीट पडलं काका."

ती गेली. हे गाडीची किल्ली हातात धरून तसेच तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत राहिले. पंचवीस वर्षं संसार केला या माणसाबरोबर, कितीदा भांडले, किती बोलले. पण त्या दिवशी त्या शाळेच्या फाटकापाशी मला वाटलं, आपण किती मोठ्या माणसाच्या घरात राहतो! तोंडावर कसं म्हणायचं ते? मी पदर त्यांच्यापुढे केला आणि म्हटलं, "डोळे पुसा आणि चला आता. दापोडीला बाबा फोनपाशी बसले असतील."