कालव्यापलीकडून मुलाखत

नेदरलँड्समध्ये युट्रेख्टजवळच्या एका छोट्या गावाच्या पालिकेत मी कॉम्प्युटर सांभाळते. इतकी वर्षं आमच्या पालिकेला स्वतःची माणसं नेमायचा अधिकार नव्हता. आसपासच्या सगळ्या छोट्या पालिकांची भरती वरचं एक मंडळ करायचं, आणि आम्ही माळी मागितला की ते हिशेबनीस पाठवायचे. शेवटी मंडळाने आम्हाला भरतीचा परवाना द्यायचं कबूल केलं. अट एवढीच की पहिली भरती त्यांचा निरीक्षक स्वतः बघणार, प्रत्येक शब्द ऐकणार, आणि सगळ्या उमेदवारांना अगदी सारखी वागणूक मिळाली तरच परवाना.

मी हे फोनवर आईला सांगून बसले.

"म्हणजे नोकऱ्या द्यायचा परवाना तुला मिळाला?"

"मला नाही गं, पालिकेला."

"तेच ते."

त्याच आठवड्यात आमच्या कोथरूडच्या सोसायटीतून बायोडेटा यायला लागले. त्यात एक दाताचे डॉक्टरही होते.

पहिली जागा होती पूलवाल्याची. गावातून कालवा जातो, त्यावर उचलायचा पूल आहे. बोट आली की रहदारी थांबवून पूल वर करायचा, बोट गेली की खाली. निवड समितीत माझी बॉस, निवृत्त होणारे पूलवाले आजोबा आणि मी. मला घेतलं, कारण पूल बटणांवर चालतो.

मुलाखती पुलाशेजारच्या केबिनमध्येच ठेवल्या होत्या. पहिली उमेदवार मुलांना पोहायला शिकवणारी बाई होती. निरीक्षकांचा पत्ता नव्हता, ट्रेन लेट होती. तेवढ्यात बोट आली. आजोबा म्हणाले, "करा वर." बाईंनी झोकात पूल वर केला, बोट गेली, आणि पलीकडच्या काठावर रेनकोट घातलेला, काखेत फाइल धरलेला एक माणूस सायकलवरून उतरताना दिसला.

"निरीक्षक," बॉस हळूच म्हणाली. "आणा पूल खाली."

बाईंनी बटण दाबलं. आजोबांनी दाबलं. पूल ढिम्म. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"मी पासवर्ड बदलून देते," मी म्हटलं. "पूल नाही."

मेकॅनिक जेवायला गेला होता. इथे माणूस जेवायला गेला की त्याला देवही बोलवत नाही. पुढचे उमेदवार यायची वेळ होत आली होती, म्हणून बॉसने केबिनबाहेर येऊन पलीकडे ओरडून विचारलं, "इथूनच सुरू करू का?"

"मला सगळं ऐकू यायला हवं," निरीक्षक ओरडले.

सुरू केलं. पहिला प्रश्न माझा होता. "चिडलेल्या लोकांना तुम्ही कसं सांभाळाल?" मी जीव खाऊन ओरडले. पलीकडे तोवर बरेच सायकलवाले साठले होते आणि बरेच चिडले होते. बाईंनी तोंडाभोवती हात धरले आणि तलावाच्या काठावरून ओरडतात तशा ओरडल्या, "सगळ्यांनी उजवीकडे एका रांगेत या. ढकलाढकली नको." सगळे मुकाट्याने रांगेत आले. निरीक्षकही आले.

"तुमचा एखादा दोष?" बॉस ओरडली.

"आवाज मोठा आहे."

पलीकडून टाळ्या पडल्या. रांगेतल्या एका आजींनी पगार किती ते विचारलं आणि मग आपलाही अर्ज घ्या म्हणाल्या. निरीक्षकांनी त्यांना मुदत संपल्याचं समजावून सांगितलं.

मेकॅनिक आला, खाली उतरून त्याने काहीतरी खटकन केलं आणि पूल खाली आला. निरीक्षक पावसात भिजलेले, पण खूश होते. इतकी जाहीर मुलाखत त्यांनी कधी पाहिली नव्हती म्हणे. आम्ही सुटकेचा निःश्वास सोडला, तर ते म्हणाले, "पण वागणूक सारखी हवी. बाकीच्या दोघांनाही पूल वर करूनच विचारावं लागेल."

आम्हाला वाटलं ते थट्टा करताहेत. ते शांतपणे सायकल घेऊन परत पलीकडे गेले.

दुसरा उमेदवार, एक तरुण, पूल वर उभा बघूनच माघारी गेला. तिसरे गृहस्थ ग्रंथालयात नोकरी केलेले. त्यांचं बोलणं शेजारी उभ्या असलेल्या मलाही नीट ऐकू येत नव्हतं. मग काठावरचा एक मासे पकडणारा मधे पडला आणि त्यांची उत्तरं पलीकडे पोचवायला लागला. दोषाच्या प्रश्नाला गृहस्थ बराच वेळ काहीतरी पुटपुटले. मासेवाला थोडा विचार करून ओरडला, "काही नाही म्हणतात."

नोकरी अर्थातच पोहण्याच्या बाईंना मिळाली आणि पालिकेला परवाना. मासेवाल्याचे आभार मानायचं मात्र आमच्या कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

संध्याकाळी घरी जेवताना मी लेकीला विचारलं, "पोळी वाढू का?" ती दचकलीच. मग कानावर हात ठेवून डचमध्ये म्हणाली, "आई, मी इथेच बसलेय."