देव्हाऱ्यातली कादंबरी

श्रीमती सुशीला योहान साळवे यांची आणि माझी पहिली भेट लासुर्ण्याजवळच्या आमच्या हायस्कुलात झाली. गणिताचा शिक्षक म्हणून माझा तो पहिलाच दिवस होता. नववी ब हा वर्ग नव्या मास्तराला आठवडाभरात रडवतो, असे शिपायाने मला चहा देतानाच सांगून ठेवले होते. मी वर्गाच्या दारात घुटमळत असताना मागून एक उंच, सडपातळ बाई वह्यांचा गठ्ठा घेऊन आल्या. "सर, या वर्गात उजेड चांगला आहे. मागच्या बाकावर बसून वह्या तपासल्या तर चालेल ना?" असे म्हणून त्या आत जाऊन बसल्यासुद्धा. संपूर्ण तासभर त्यांनी मान वर केली नाही, आणि वर्गाने चूं केले नाही. नंतर पाहिले, तर आमच्या शिक्षकखोलीला त्या वर्गापेक्षा दुप्पट मोठी खिडकी होती.

बाईंच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्या अध्यापनाविषयी इतर मंडळी अधिकाराने लिहितील. मी एवढेच सांगतो की बाई शब्दाच्या पक्क्या होत्या, आणि त्याचा आम्हा सहकाऱ्यांना कधीकधी जाचच व्हायचा. एका मुलीला "रविवारी तुला शब्दकोश आणून देते" असे त्या बोलून गेल्या होत्या. नेमकी त्या रविवारी एसटी बंद होती. बाई बारामतीहून दुधाच्या टेम्पोत बसून आल्या, शब्दकोश दिला आणि त्याच टेम्पोने परत गेल्या. "सोमवारी दिला असता तर काय बिघडलं असतं?" असे मी विचारले, तर म्हणाल्या, "सर, एकदा एक शब्द दिला होता, तो राहून गेला. आता दुसरा राहू नये, एवढंच." तो कोणता शब्द हे त्यांनी सांगितले नाही, आणि मीही विचारले नाही. काळजी मात्र करत बसलो.

त्याचा उलगडा झाला तो त्यांच्या कादंबरीमुळे. बाई कादंबरी लिहीत आहेत हे आम्हा दोघांतिघांनाच ठाऊक होते. एक तरुण ख्रिस्ती शिक्षिका सह्याद्रीतल्या एका उंच वाडीवर शाळा काढायला जाते, अशी ती गोष्ट. नायिकेचे नाव एस्तेर. वाडीवर ना रस्ता, ना दवाखाना. घंटेऐवजी झाडाला टांगलेला रुळाचा तुकडा. बाई स्वतः ऐन तारुण्यात अशाच एका वाडीवर शिकवायला होत्या, हे मला पुढे कळले. रोज थोडे थोडे करत त्यांनी चार जाड वह्या भरल्या होत्या. झेरॉक्स काढून ठेवा म्हणून मी कितीतरी वेळा त्यांच्या मागे लागलो. "पूर्ण होऊ दे, मग काढू," हे त्यांचे ठरलेले उत्तर.

बारामतीच्या त्यांच्या चर्चमध्ये दरवर्षी हंगामाचा सण होतो. मी बौद्ध घरातला, पण या सणाला बाई मला आवर्जून बोलावीत. ज्याने त्याने आपल्या कष्टाचे पहिले फळ आणून पुढच्या टेबलावर ठेवायचे. कुणी ज्वारी, कुणी भोपळा, कुणी कोंबडी, कुणी गुळाची ढेप. पाळकसाहेब त्यावर प्रार्थना करतात आणि मग त्या सगळ्याचा लिलाव होतो. त्या वर्षी बाईंनी आपल्या चारही वह्या जुन्या लाल लुगड्याच्या तुकड्यात बांधून टेबलावर ठेवल्या. हेच आपले पीक, त्यावर प्रार्थना व्हावी आणि मग घरी न्यावे, इतकाच त्यांचा विचार. लिलाव पुकारणारे दानिएलतात्या यांना हे कोण सांगणार? भोपळा झाला, कोंबडी झाली, आणि तात्यांनी ते गाठोडे उंच धरले. "साळवेबाईंच्या हातचं हाय! आत काय हाय त्ये देवाला ठावं! बोला!"

बाई उठल्या आणि पुन्हा खाली बसल्या. टेबलावर ठेवले ते देवाचे झाले, ते उचलायचे नाही, हा तिथला रिवाज. मी मात्र घाबरून हात वर केला. माझ्या बोलीवर शेळगावच्या केरबाआबांनी चढी बोली लावली. आबा उसाचे बागायतदार, पाळकसाहेबांचे जुने स्नेही. चर्चच्या खुर्च्या दरवर्षी त्यांच्याच ट्रॅक्टरमधून येत. मी बोली वाढवली, तसे आबा रंगात आले. मास्तर एवढा हट्टाला पेटलाय म्हणजे ऐवज भारी असणार, असे त्यांना वाटले असावे. माझा खिसा आटला, टाळ्या झाल्या आणि बाईंचे सगळे लिखाण भोपळ्याशेजारी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत जाऊन बसले. मी मागे धावेपर्यंत ट्रॅक्टर सडकेला लागलासुद्धा.

दुसऱ्याच दिवशी शाळा सुटल्यावर आम्ही दोघे शेळगावला गेलो. वाटेत मला भलभलते दिसत होते. बंबात गेलेल्या वह्या, उंदरांनी कुरतडलेल्या वह्या. पाहतो तर त्या देव्हाऱ्यात होत्या. लाल कापडावर हळद-कुंकू, वर झेंडूचे फूल, आणि शेजारी, कागदापासून वीतभर अंतरावर, तेवता दिवा!

आबांच्या पत्नी सोनाकाकी पुढे आल्या. बाईंनी शांतपणे सगळा प्रकार सांगितला. त्यावर आबा अवघडून म्हणाले, "आवं बाई, लाल कापडात बांधल्याली, परार्थना केल्याली. मला वाटलं, तुमची पोथीच हाय."

"पोथीच हाय," काकींनी ठणकावून सांगितले. "देवाफुडनं आलीया. आन् घरात आल्याली पोथी पुरी ऐकल्याबिगर उंबऱ्याभाईर जात न्हाय. आमास्नी वाचून दावा, मंग खुशाल न्या."

आमच्या घरी ना देव्हारा ना पोथी, त्यामुळे हे नियम मला नवे होते. बाईंनी क्षणभर विचार केला आणि चप्पल काढून, पाय धुऊन त्या देव्हाऱ्यासमोरच्या पाटावर बसल्या.

मग रोज शाळा सुटली की शेळगाव. दिवेलागणीपर्यंत वाचन, मग शेवटची एसटी. काकींची काही अट नसती तरी चालले असते असे वाटावे, इतकी माणसे जमू लागली. पण जितकी माणसे वाढली तितकी माझी काळजी वाढली. कादंबरीत एस्तेर पानोपानी प्रभूशी बोलते. ख्रिस्ती बाई हिंदूंच्या देव्हाऱ्यासमोर आपला धर्म वाचून दाखवतात, असे कुणाच्या मनात आले, तर वह्या परत मिळणे दूरच राहिले असते. तापाने फणफणलेल्या जनी नावाच्या मुलीचे प्रकरण जवळ आले, तसे मी बाईंना एसटीत हळूच सुचवले, की प्रार्थनेची दोन पाने गाळा. कुणाला कळणार नाही.

"सर," बाई म्हणाल्या, "त्यांनी तिला पोथी म्हटलंय. पोथीतली पानं गाळतात का?"

दुसऱ्या दिवशी मी दाराजवळच बसलो. जनीला पाठीशी बांधून एस्तेर ओढ्याकाठी उभी आहे, पाणी चढते आहे, पलीकडे दवाखान्याची वाट. ती ओरडून म्हणते, "प्रभू येशू, मला धीर देऊ नकोस, धीर पुरणार नाही. हे पाणी तेवढं उतरव!" शेजारच्या एकाने विचारलेच, "ह्यो कुठला द्येव म्हनायचा, बाई?" बाई वहीवरून नजर उचलून उत्तर देणार, तोच सोनाकाकी त्याच्यावर उखडल्या. "लेकरू मराया टेकलंय, आन् ही आडवी चौकशी करतुया! आधी पानी उतरू दे की रं!" मग बाईंकडे वळून म्हणाल्या, "वाचा वो तुमी." पाणी उतरले, जनी वाचली, आणि मी कितीतरी वेळाने पाठ भिंतीला टेकली.

पण खरी अडचण पुढेच होती. चौथी वही संपत आली. वडील आजारी असल्याची तार येते आणि एस्तेरला डोंगर उतरावा लागतो. मुले एसटीपर्यंत पोचवायला येतात. खिडकीतून ती म्हणते, "मी परत येईन." बाईंनी वही मिटली.

"मंग?" काकींनी विचारले. "गेली का माघारी?"

"एवढंच लिहिलंय."

"आन् ती पोरं? रुळाचा तुकडा कोन वाजवनार?" काकींनी सरळ वह्या गोळा केल्या, लाल कापडात बांधल्या आणि पुन्हा देव्हाऱ्यात ठेवल्या. "ही आर्धी हाय. आर्धी पोथी हालवता येत न्हाय. पुरी करून आना."

परतीच्या एसटीत मी भयंकर चिडलो होतो. आपण आबांच्या भाऊबंदांना मध्ये घालू, पाळकसाहेबांना घेऊन येऊ, असे काहीबाही बडबडत होतो. बाई खिडकीबाहेर बघत होत्या. तिकडेच बघत म्हणाल्या, "सर, काकींचं बरोबर आहे. माझ्याही एसटीमागे मुलं आली होती. मीही असंच म्हणाले होते. वडील गेले, धाकट्या भावंडांची शिक्षणं आली, इथली नोकरी लागली. मी गेलेच नाही. म्हणून मला पुढचं लिहिता येत नाही." शब्दकोशाच्या रविवारचा अर्थ मला तेव्हा कळला. मला फार वाईट वाटले.

बाईंनी शेवटचे प्रकरण लिहिले. एस्तेर डोंगर चढून परत येते, केस पिकलेले, गुडघे कुरकुरणारे, आणि तिच्या हातून रुळाच्या तुकड्यावर टोला पडतो. शेळगावला वाचून झाले तेव्हा आबा उपरण्याने डोळे पुसत होते. मी वह्यांकडे हात नेणार, एवढ्यात काकींनी अडवले.

"आन् फलश्रुती?"

पोथीच्या शेवटी, ती ऐकल्याने काय लाभते, ते सांगितलेले असते म्हणे. मी हात टेकले. बाई म्हणाल्या, "काकी, ऐकणाऱ्याला काय मिळेल ते मी कोण सांगणार? पण लिहिणारीला आता परत जावं लागेल."

काकींना काय समजायचे ते समजले असावे. "मंग हाय ही पुरी," असे म्हणून त्यांनी ते गाठोडे स्वतः बाईंच्या पदरात घातले.

ती कादंबरी छापली गेली, तिची चर्चा झाली, त्याविषयी या ग्रंथात स्वतंत्र लेख आहेतच. पहिल्या वहीच्या पहिल्या पानावरचा कुंकवाचा डाग पाहून छापखान्यातल्या माणसाने हात जोडले होते, एवढी भर मी घालतो.

आता जे लिहायचे त्याच्या दारात मी पहिल्या दिवसासारखाच घुटमळतो आहे. बाई निवृत्त झाल्या, आणि त्यांनी त्या डोंगरावरच्या वाडीला पत्र टाकले. तिथे आता शाळेला पक्की इमारत आहे, पण शिक्षक टिकत नाहीत. राहायला एक खोली देऊ, असे गावाचे उत्तर आले. गौरवसमारंभाचा दिवस समितीने ठरवला, तर बाईंनी कळवले की तोवर शाळा उघडलेली असेल, मला येता येणार नाही, आपण सगळ्यांनी जेवून जावे. म्हणजे हा ग्रंथ आपल्या हाती पडेल तेव्हा ज्यांच्यासाठी तो काढला त्या बाई डोंगरावर असतील. समिती हवालदिल आहे. मी तर विचारूच नका. त्यांच्या गुडघ्यांचे काय, शेवाळलेल्या पाऊलवाटेचे काय, रात्री दम लागला तर हाक कुणाला मारायची? हे सगळे मी त्यांना ऐकवले. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "सर, तुम्ही इतकी काळजी करता म्हणून मला ती करावी लागत नाही."

बाईंना पोचवायला सोनाकाकी स्वतः जीपमधून निघाल्या आहेत. ज्वारीच्या पिठाचा डबा आणि शेंगदाण्याची चटणी बांधून तयार आहे. "पोथी खरी हुतीया, ती बघाया नगं व्हय?" असे त्या मला म्हणाल्या.

गौरवलेखाच्या शेवटी दीर्घायुष्य चिंतायचे असते. ते मी उपचार म्हणून चिंतत नाही. शाळेतल्या निरोपाच्या दिवशी आम्ही सगळे फाटकापर्यंत गेलो होतो. नववी ब रडत होती. एसटीच्या खिडकीतून बाई आम्हाला म्हणाल्या, "मी परत येईन." आता त्यांच्या त्या शब्दाला किती वर्षे लागतात, हे आम्ही एकदा पाहिले आहे. तेव्हा देवा, तू कुणाचाही असशील, साळवेबाईंना तेवढे आयुष्य दे, गुडघ्यांत तेवढे बळ दे. आम्ही फाटकाशी थांबलो आहोत.