'जातो' म्हणता आलं पाहिजे

शिवहार,

पत्र टाकायचं तर पत्ता लागतो, आणि तू तो मागे ठेवला नाहीस. तेव्हा हे बोलणंच समज. कळमनुरीत तुझ्याविषयी अजून सांगतात की तू दुकानाच्या मागं जुगार चालवायचास. खोटं आहे. खरं काय ते सांगायला बसले आहे, पण तुझ्या तोंडावर सांगायला लागले तर तू 'बाई, तसं न्हाई ते' म्हणत मध्येच तोंड घालशील. म्हणून परक्या माणसाची सांगावी तशी सांगते. तू गप बस.

शिरड शहापूरच्या मेंढरं राखणाऱ्या घरातला शिवहार औरंगाबादला डिप्लोमाला गेला आणि नापास होऊन परत आला. बापानं विचारलं, "काय शिकून आलास?" खरं उत्तर होतं, एक खेळ. होस्टेलवर बाहेरगावच्या पोरांनी शिकवलेला. ना पत्ते, ना पट. चार-पाच जणांनी गोल बसायचं, एकानं गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. समोर दरोडेखोर आला, आता तू काय करशील? बोल. ते साधलं की फसलं, हे फासे सांगणार. बापाला हे सांगणार कसं? "काहीच न्हाई," शिवहार म्हणाला. बापाला ते लगेच पटलं.

पुढं त्यानं कळमनुरीत एसटीडी-झेरॉक्सचं दुकान टाकलं, आणि रविवारी दुपारी शटर अर्धं ओढून मागच्या खोलीत हा खेळ मांडायला लागला. होस्टेलातल्या गोष्टींतले राक्षस त्यानं तिथंच सोडले. इथं घोंगडं अंथरलं, फाशांच्या जागी सहा कवड्या आणल्या, आणि गोष्ट घेतली लमाणांच्या जुन्या काफिल्याची. बैलांच्या पाठीवर मीठ लादून रानातून निघालेली माणसं. त्यात कुणी नाईक, कुणी राखणदार, कुणी वाटेत भेटलेला बैरागी.

दुकानात तो दोनदा विचारल्याशिवाय बोलायचा नाही. घोंगड्यावर मात्र त्याची जीभ सुटायची. आठवड्यातले बाकीचे दिवस तो नुसते ढकलायचा, हे त्याच्या तोंडाकडं बघून कुणालाही कळलं असतं.

काफिल्याचा नाईक होणाऱ्या मोहनसिंगाची नांदेडला बदली झाली आणि काफिल्यात दोघंच उरले, कंपौंडर माणिकराव आणि शाळेवरची सत्यशीला. सत्यशीलानं बजावलं, "शिवाभाऊ, दोघांचा कुठं काफिला असतो का? ह्या तर चुकलेल्या दोन बकऱ्या झाल्या. दिवाळीपर्यंत माणूस आणा, न्हाईतर मी काही येत न्हाई." ती गेली की खेळ संपला, हे शिवहारला कळत होतं.

तरी तो कुणालाही घेईना. पारखून घ्यायचा. त्याच्या परीक्षेत माणसाचा कस एकाच ठिकाणी लागायचा. सहाही कवड्या पालथ्या पडल्या की तुमचा माणूस मेला. मग वाद न घालता उठायचं, 'जातो' म्हणायचं आणि घोंगड्यावरून खाली उतरायचं. आता आपल्याकडं पानाच्या टपरीवर निघालेला माणूसही 'येतो' म्हणतो. 'जातो' जिभेवर आलं तर घरातली बाई अंगावर धावून येते. शिवहारनं तोच शब्द मुद्दाम निवडला होता. "ज्याला मरता येत न्हाई, तो दुसऱ्याला खेळू देत न्हाई," म्हणायचा.

ठेकेदाराचा एक भाचा आला. त्याच्या कवड्या पालथ्या पडल्या तर म्हणे, "मी मेलोच न्हाई, मेल्याचं सोंग करून राहिलो." गेला घरी. एक तलाठी आला, तो त्या शब्दापाशी घाम पुसत बसला. "लेकराबाळाचा माणूस हाय मी, असलं अभद्र बोलायला लावू नका," म्हणाला आणि खरंच "येतो" म्हणून निघून गेला.

दिवाळी तोंडावर आली तेव्हा देविदास आला. जवळच्या तांड्यावरचा, तिशीच्या आतला. फोन करायला आला होता, फोन लागला नाही, आणि आतलं बोलणं ऐकत शटरपाशी उभा राहिला. मग वाकून आत आला.

"हे तर आमच्या आज्याचं हाय. मला बसता येईल काय?"

"बस की," माणिकराव म्हणाला. "बैल हाकलता येतात का? आमचा नाईक पळाला नांदेडला."

देविदास हसला नाही. घोंगड्याच्या कडेवर टेकत म्हणाला, "भाऊ, एक सांगतो. घरी आमच्या..."

शिवहारनं हात वर केला. हाही नियमच होता. "घरचं चपलांपाशी ठेवायचं. घोंगड्यावर आणायचं न्हाई."

"बराबर," देविदास म्हणाला, आणि पुन्हा घराचं नाव काढलं नाही.

शिवहारनं त्याला राखणदार केलं. रान, पुढं नदी, पलीकडं दरोडेखोरांची शेकोटी. "काय करशील?" देविदास म्हणाला, मी एकटा पुढं जातो, तुम्ही थांबा. बाकीचे नको-नको म्हणाले, सत्यशीला तर नाईक असल्यासारखी ओरडली, "माघारी फीर रे!" तो फिरला नाही. शिवहारनं कवड्या पुढं केल्या. देविदासनं टाकल्या. तीन उताण्या, तीन पालथ्या.

देविदास उठला, उभा राहिला. "जातो," म्हणाला, आणि चपला घालून बाहेर पडला.

"अरे, जित्ता हाय की तो!" माणिकरावानं मांडीवर थाप मारली. "कवड्या तर बघाव्या लेकानं!"

शिवहार मात्र खुशीत होता. "नियम शिकंल हळूहळू. पण म्हणला कसा, बघितलं का? एवढ्या जणांत कुणाची जीभ वळली न्हाई. घेतला मी त्याला." सत्यशीलाही म्हणाली, चला, चुकल्या बकऱ्यांना राखण्या मिळाला.

पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याआधीच ईसापूरच्या धरणात त्याचं प्रेत वर आलं होतं. मागल्या हंगामात ऊसतोडीवर त्याची बायको शीला बाळंतपणात गेली होती, आणि मूलही. सगळ्या तांड्याला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते घोंगड्यावर बसलेल्या चौघांपैकी तिघांना.

त्याची आई रुक्माबाई दुकानात आली. काउंटरला धरून उभी राहिली.

"लेकरू हितं आलं होतं म्हणतात."

"व्हय, मावशी."

"निघताना काय म्हणलं?"

शिवहारनं तिच्याकडं बघितलं. "येतो म्हणला."

बाई तिथंच खाली बसली. मग तिच्या तोंडावरचा ताण जरा उतरला. "मंग यायचंच होतं त्याला. पाय घसरला माझ्या लेकराचा. लोक काहीही बोलून राहिले, भाऊ." पदरानं डोळे पुसून ती गेली, आणि वाटेत भेटेल त्याला तेच सांगत गेली.

त्या रविवारी शटर पूर्ण खाली होतं, आणि नंतरच्याही. माणिकराव दोनदा येऊन हाका मारून गेला. सत्यशीलानं निरोप धाडला की दोघांचाच खेळू, मी काही अडून बसत नाही. शिवहार बाहेर आला नाही.

मग तू माझ्याकडं, तुझ्या शाळेतल्या जुन्या बाईंकडं आलास, शिवहार. ओट्यावर बसून सगळं सांगितलंस आणि म्हणालास, "बाई, तिला खरं सांगावं लागंल. माझ्यानं एकट्यानं जाववत न्हाई, तुमी चला." मी स्पष्ट बोलले की खरं सांगून तिच्या पदरात काय पडणार? तू म्हणालास, तिच्या न्हाई, त्याच्या पदरात पडंल. 'जातो' असं तो मला सांगून गेला होता. ठीक आहे, म्हटलं, संक्रांत झाली की जाऊ, तोवर तिचं रडणं तरी ओसरेल.

संक्रांतीनंतर मी तयार होऊन फाटकात उभी होते. तू आला नाहीस म्हणून बघायला गेले, तर तुझ्या दुकानाला कुलूप होतं आणि शेजारचा म्हणाला, पहाटेच्या गाडीनं हैदराबादला गेला. मी घरी येऊन पर्स खुंटीला अडकवली. एकटीनं जाऊन मी काय सांगणार होते? शब्द तर तू ऐकला होतास.

रुक्माबाई अजून बाजाराला येते. मला ओळखत नाही. तांडा इथून अर्ध्या तासावर आहे, रस्ताही आता डांबरी झालाय, आणि आपण दोघं अजून गेलेलो नाही.