चोरलेलंच लागतं

नेहरू नगरातल्या आमच्या शेजारच्या काकूंनी कधी झाड विकत घेतलं नाही, आणि कोणी भेट दिलेलं घरात ठेवलं नाही. "मागितलेलं लागत नाही, चोरलेलंच लागतं," असं त्यांचं शास्त्र. एरवी भाजीवाल्याने चुकून जास्त टाकलेली कोथिंबीर परत करायला गल्लीच्या टोकापर्यंत जाणारी ही बाई पानांच्या बाबतीत अट्टल चोर होती.

मोहिमेवर त्या मला नेत. माझं गप्प राहणं घरात कोणालाच आवडत नसे. काकूंना ते धंद्याच्या दृष्टीने सोयीचं वाटे. "शिवाय कॉन्व्हेंटचा टाय दिसला की पर्स कोणी तपासत नाही." अरेरा कॉलोनीत एका बंगल्यापाशी चौकीदाराने हटकलं, "मैडम, क्या तोड़ रही हैं?"

"तोड़ नहीं रही भैया, सूखा पत्ता हटा रही हूँ. आप लोग तो ध्यान ही नहीं देते!"

तो बिचारा ओशाळला. बिगोनियाचं टवटवीत पान तोवर ओल्या रुमालातून पर्समध्ये गेलं होतं.

घरी त्यांनी पानाच्या शिरांना ब्लेडने चिरा दिल्या, ते ओल्या वाळूवर दाबलं आणि वर बरणी उपडी घातली. मग वाट पाहणं. एका सकाळी अंगणातून हाक आली, "लागलं गं, लागलं!" माझं मराठी इंग्रजी शाळेच्या बेताचं, मी कापूस आणि मलम घेऊन धावले. काकू शिरेतून फुटलेलं इवलंसं रोप दाखवत उभ्या होत्या. तेव्हापासून कुठलंही पान रुजलं की त्या ओरडायच्या, "लागलं! मलम आण!" अख्ख्या गल्लीला ते पाठ झालं.

काका निवृत्त झाले आणि मुलाने दोघांना पुण्याला बोलावलं. कुंड्या न्यायच्या नव्हत्या. मी निरोपाला गेले तेव्हा वाटलं, बिगोनिया मला देतील. काकू म्हणाल्या, "देणार नाही. मी चहा टाकते. मला पाठीमागचं दिसत नाही, माहीत आहे ना?" चहा उकळून उकळून काळा झाला तरी त्या वळल्या नाहीत.

पुण्याहून फोन यायचे. "बाल्कनीत सगळं प्लास्टिकचं. चोरायलाही काही नाही. सूनबाई चांगली आहे गं, पण मन लागत नाही." मी फोन ठेवून बिगोनियाला पाणी घालायचे.

मग मुलाखतीसाठी पुण्याला गेले, तेव्हा त्यांच्या टेबलावर पर्स उघडी ठेवली. आत ओला रुमाल. "मी हात धुऊन येते," म्हटलं आणि नळ बराच वेळ सोडून ठेवला. बाहेर आले तर रुमाल रिकामा आणि काकू अतिशय निष्पाप चेहऱ्याने शेंगा सोलत बसलेल्या.

नोकरी मिळाली नाही. पण पावसाळा संपता संपता काकूंचा निरोप आला: "लागलं. मलम नको."