फिरकी कोणी धरायची

चौदा जानेवारी, उत्तरायण. सकाळी उठल्या उठल्या कंद सोलायला घेतला. जांभळ्या कंदाची साल जाड आणि आत चिकट, सुरी सटकली की बोटावरच येते. वांग्यांना चिरा दिल्या, पापडीच्या शेंगा मोडल्या, हिरवा लसूण ठेचला. सुरतेत उंधियू विकत मिळतो आणि माझ्यापेक्षा चांगला मिळतो. पण त्या दिवशी मला सगळं घरचं हवं होतं, कारण चार वर्षांनी माझा दीर घरी येणार होता.

चार वर्षांपूर्वी एका लग्नाच्या पंगतीत ह्यांनी त्याला सगळ्यांदेखत "तुला काय कळतं?" म्हणून गप्प बसवलं. तो भरल्या पानावरून उठला आणि सरळ बारडोलीला घरी गेला. तिथल्या साखर कारखान्यात त्याची नोकरी. सुरतेत उधन्याला आमच्या घरात त्यानंतर त्याने पाय ठेवला नाही. सासूबाई आमच्याकडे असतात. वॉकरशिवाय त्यांना उठता येत नाही, आंघोळीला कुणीतरी लागतं, आणि ते कुणीतरी म्हणजे मी. फेब्रुवारीत माझं गर्भाशय काढायचं ठरलं होतं. नंतर दोन महिने बादलीसुद्धा उचलायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तेवढे दिवस सासूबाईंना बारडोलीला ठेवायचं तर आधी दोन्ही भाऊ बोलते व्हायला हवेत. सणाचा सगळा घाट मी त्यासाठी घातला होता. त्यात माया थोडी होती, सोय जास्त.

दीर-जाऊ आले. तिळगूळ दिला, घेतला. "गोड बोला" हे दोघांपैकी एकही भाऊ म्हणाला नाही. पण सासूबाईंना गच्चीवर न्यायचं म्हटल्यावर खुर्चीच्या दोन बाजू दोघांनी धरल्या आणि जिन्याने वर नेलं. मागून पातेलं घेऊन येताना मला वाटलं, जमलं.

वर दम घ्यायलाही जागा नव्हती. प्रत्येक गच्चीवर स्पीकर, पिपाण्या, आणि कुणाचा पतंग कापला की सगळ्या गल्लीची आरोळी: "काप्यो छे!" सासूबाई मांडीवर वाटी घेऊन फाटके पतंग भाताच्या शितांनी चिकटवत बसल्या. ह्यांनी पतंग चढवला आणि मागे न बघता हात केला. सासूबाई धाकट्याला म्हणाल्या, "धर ना रे दादानी फिरकी. तू ते चांगली धरस."

लहानपणापासून हेच. थोरल्याने उडवायचं, धाकट्याने मागे उभं राहून दोरा सोडायचा आणि गुंडाळायचा. दिराचे कानावरचे केस पांढरे झालेत, तरी त्याने मुकाट्याने फिरकी धरली. त्याचे ओठ आवळलेले मी बघितले आणि उंधियू वाढायची घाई केली.

"ढील दे," हे ओरडले. "ढील! झोपलास का?"

"देतोय."

"कसली देतोय? अडकतोय तो दोरा!"

समोरच्या गच्चीवरच्या पोरांनी पतंग कापला. थाळ्या वाजल्या. हे वळले आणि म्हणाले, "एवढं साधं काम. तुला काय कळतं?"

दिराने फिरकी फेकली. लाकडी दांडा ह्यांच्या भुवईवर बसला आणि कातडं फाटलं. हे हात लावून न बघताच त्याच्या अंगावर गेले. पहिला ठोसा दिराच्या तोंडावर. दिराने गळपट्टी धरून ह्यांना पाण्याच्या टाकीवर आपटलं. आपटल्याचा आवाज स्पीकरच्या गोंगाटातही ऐकू आला. दोघे खाली पडले, लोळले, उंधियूचं पातेलं लाथेने उडालं आणि गरम तेल माझ्या पावलावर आलं. सुटलेला मांजा दोघांच्या हाताला, मानेला गुंडाळला गेला होता. दीर तो हिसडून काढायला गेला तसा काच लावलेला दोरा त्याच्या तळहातात शिरला. त्याने आणखी हिसडला, दोरा आणखी आत गेला. ह्यांच्या शर्टावर रक्त कुणाचं हे कळेना. समोरच्या पोरांना वाटलं गंमत चालली आहे. ती अजून थाळ्या वाजवत होती.

"एकमेकसना जीव लेशात का!" सासूबाई खुर्चीतून ओरडल्या. उठता येत नव्हतं म्हणून त्यांनी शितांची वाटी फेकून मारली. ती जावेला लागली.

पतंग पकडायचा बांबू भिंतीला टेकून ठेवला होता. मी तो उचलला आणि जो वर असेल त्याच्या पाठीत हाणला. आधी ह्यांच्या, मग उलटल्यावर दिराच्या, मग पुन्हा ह्यांच्या. जीव खाऊन मारलं. हात थांबावा असं वाटत नव्हतं, आणि हे मला आवडलं नाही असं म्हटलं तर खोटं होईल. बांबू चिरला तेव्हा दोघे सुटे झाले. जावेने आणि मी सुरीने दोरा कापून काढला.

"ताई, तुमच्या पायाला फोड आलेत," जाऊ म्हणाली.

"बघते नंतर. आधी ह्या दोघांना दवाखान्यात नेऊ."

सासूबाईंना खाली न्यायच्या अवस्थेत आता मुलगे नव्हते. समोरची थाळ्या वाजवणारी पोरं आली आणि त्यांनी खुर्ची उतरवली.

दवाखान्यात सगळे मांज्याने कापलेले. कुणाची बोटं, कुणाचा कान. ह्यांच्या भुवईला टाके पडले, दिराच्या उजव्या तळहाताला. टाके घालताना डॉक्टरांनी ह्यांना विचारलं, "भुवईला मांजा लागलेला दिसत नाही. कशाने फुटली?"

"फिरकी लागली," हे म्हणाले. "वाऱ्याने उडाली."

बाकावरून दीर म्हणाला, "वारा फार होता आज." त्याचा फाटलेला ओठ ताणला गेला आणि पुन्हा रक्त आलं. ह्यांनी मान वळवली नाही. मी तिथेच विषय काढला, कारण एका ठिकाणी दोघे बसलेले मला परत मिळाले नसते.

"भाऊजी, माझं ऑपरेशन आहे. आईंना नेणार की नाही, ते सांगा."

"वहिनी, आईला नेतो. त्याबद्दल वाद नाही. पण दादा माझ्या घरात येणार नाही."

"मला हौस नाही," हे म्हणाले.

"बरं. मग उद्याच न्या," मी म्हटलं. "आणि ह्या हाताने गाडी कशी चालवणार?"

दीर हाताच्या बँडेजकडे बघत राहिला. जावेला गाडी येत नाही, मलाही नाही. सणाला ड्रायव्हर मिळत नाही. शेवटी ह्यांनी हात पुढे केला. दिराने डाव्या हाताने खिशातून किल्ली काढली आणि त्यांच्या हातात न देता बाकावर मधे ठेवली.

त्या रात्री तो आमच्या हॉलमध्ये झोपला.

दुसऱ्या दिवशी वासी, म्हणजे शिळी, उत्तरायण. सकाळी मी सासूबाईंची बॅग भरली, गोळ्या वेगळ्या डबीत घातल्या, वॉकर डिकीत आडवा टाकला. सासूबाई पुढे बसल्या, दीर-जाऊ मागे. ह्यांची एक भुवई सुजून डोळ्यावर आली होती.

"दारातून परत या," मी म्हटलं. "चहा विचारला तर प्या. नाही विचारला तर नका मागू."

मागून दीर म्हणाला, "गियर जड आहे. जोरात टाक."

"कळतं मला," हे म्हणाले, आणि गाडी बंद पडली. दुसऱ्यांदा चालू झाली.

मी पायाला पुन्हा मलम लावलं आणि वर गेले. गच्चीवरचं तेल राखेने घासलं. मोरीच्या जाळीत अडकलेला मांजा चिमट्याने काढला, वाळलेल्या रक्तासकट, आणि पिशवीत बांधला, कचरा उचलणारीचे हात कापू नयेत म्हणून. पातेल्याच्या बुडाशी थोडा उंधियू उरला होता. तो गरम करून उभ्यानेच खाल्ला. मीठ कमी पडलं होतं.